शोभेच्या माडाची हिरवी झावळी

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, मोसमी पाऊस अंदमानात पोचल्याच्या बातम्या येऊ लागल्या की, रत्नागिरीतल्या आमच्या वसाहतीच्या रस्त्यावर शिडी, दोर आणि कोयते घेऊन माणसे येतात आणि दोन्ही बाजूंच्या रॉयल पामच्या झावळ्या उतरवू लागतात. संध्याकाळपर्यंत काम उरकते, टेम्पोभर हिरव्या झावळ्या कचऱ्यात जातात आणि सकाळपर्यंत गोल डोलारा सांभाळून उभ्या असलेल्या झाडांच्या शेंड्यावर चार-पाच झावळ्या तेवढ्या, उलट्या धरलेल्या खराट्यासारख्या, ताठ उरतात. येणारे-जाणारे वर पाहतात आणि पावसाळ्याची तयारी झाली म्हणून समाधानाने पुढे जातात. मला मात्र ते दृश्य पाहवत नाही. सोसायटीच्या सभेत मी हा विषय इतक्या वेळा तुकड्यातुकड्यांनी मांडला आहे, की आता तो एकदा सलग आणि कारणांसह लिहून काढावा असे वाटले.

मला झावळीची किंमत कळली ती माझ्या सासूबाईंमुळे. गुहागरच्या बाजूला आमची लहानशी नारळी-पोफळीची बाग होती आणि सकाळी शिपणे चालू असताना सासूबाई माडाखाली उभ्या राहून वर पाहत झावळ्या मोजत असत. चांगल्या पोसलेल्या माडाच्या शेंड्यावर तीस-पस्तीस झावळ्या असतात, साधारण महिन्याला एक नवी सुई, म्हणजे शेंड्यातली मिटलेली कोवळी झावळी, उलगडते, एक जुनी झावळी खाली येते आणि फळत्या माडाच्या प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा, असते, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते. झावळ्या पंचवीसवर आल्या की त्या म्हणत, “ह्या माडाला काहीतरी कमी पडतंय.” लग्नाच्या मांडवासाठी कोणी हिरव्या झावळ्या मागायला आले, तर एका माडावरून दोनांपेक्षा जास्त त्या काढू देत नसत. वाळून आपोआप पडलेली झावळी मात्र वाया जात नसे. तिचे हीर काढून खराटे होत, पिढे, म्हणजे देठाची जाड बुडे, चुलीत जात आणि उरलेले आळ्यात आच्छादन म्हणून पसरले जाई.

कोकणातला माणूस नारळाच्या माडाची हिरवी झावळी उगाच तोडत नाही, कारण त्या झावळीच्या बगलेत त्याचे उत्पन्न असते. तोच माणूस दारातल्या शोभेच्या पामच्या दहा हिरव्या झावळ्या एका दिवसात उतरवतो, कारण तिथे नारळ नसतात आणि झावळी म्हणजे नुसता पसारा वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत आणि त्यांच्या शरीराची रचना मुळात एकच आहे. शोभेच्या पामची निगा कशी राखावी, असे मला कोणी विचारले, तर मी प्रथम एवढेच सांगते, की त्याच्याकडे माडासारखे पाहा.

आंबा, फणस किंवा वड यांच्या सालीखाली वाढीचा एक थर असतो. त्यामुळे त्यांचे खोड दरवर्षी जाड होत जाते, घाव भरून येतात आणि एक फांदी तोडली तर दुसरीकडून धुमारे फुटतात. पाम कुळातल्या झाडांच्या खोडात हा थरच नसतो. खोडाला एकदा जी जाडी मिळाली तीत पुढे फारसा फरक पडत नाही, आणि कोयत्याचा घाव, खिळ्याचे भोक किंवा चढण्यासाठी पाडलेली खाच ही झाड जिवंत असेपर्यंत तशीच राहते. एकदांडी पामला वाढीची जागाही एकच असते, ती म्हणजे शेंड्यातला कोंब. कोंब गेला की झाड गेले. दुसरा कोंब फुटत नाही. ज्यांचे बेट होते त्या अरेका पामसारख्या जातींत एक दांडा मेला तरी बुडातून दुसरे येतात, म्हणून त्या जास्त सोशिक वाटतात, पण प्रत्येक दांड्याला नियम तोच लागू असतो. अशा झाडाला जखम म्हणजे काय, हे एकदा ध्यानात आले, की दिव्यांच्या माळा लावण्यासाठी रॉयल पामच्या खोडात खिळे ठोकणाऱ्यांचे हात धरावेसे वाटतात.

आता झावळीकडे येते. पामला लागणाऱ्या अन्नद्रव्यांत पोटॅशचा, म्हणजे पालाशाचा, वाटा फार मोठा असतो आणि पोटॅश झाडाच्या आत एका जागेहून दुसऱ्या जागी फिरू शकते. जमिनीतून ते पुरेसे मिळाले नाही, तर झाड आपल्या सर्वांत जुन्या झावळीतले पोटॅश काढून घेते आणि नव्या सुईला पुरवते. म्हणून पोटॅशची कमतरता नेहमी खालच्या, जुन्या झावळ्यांवर दिसते. अरेका पामचे असे एखादे पान तोडून उजेडासमोर धरून पाहावे. पातीवर पिवळसर नारिंगी ठिपके दिसतात आणि कागदावर तेल पडावे तशी त्यांतून उजेड आरपार येतो. हे ठिपके टोकाकडे दाट आणि देठाकडे विरळ होत जातात. रॉयल पाममध्ये ठिपक्यांपेक्षा पातीची टोके करपून सुरकुतलेली जास्त दिसतात. ही झावळी कुरूप दिसते हे खरे. पण ती अजून कामात आहे, तिच्यातले उरलेसुरले पोटॅश वर जात आहे.

ती दिसायला वाईट म्हणून आपण कापली, तर झाडाची गरज काही संपत नाही. ते तिच्या वरच्या, कालपर्यंत हिरव्यागार असलेल्या झावळीतून पोटॅश ओढू लागते, आणि महिन्याभरात तीही पिवळी पडते. मग तीही कापली जाते. “आम्ही पिवळी पाने लगेच काढतो, तरी रोग वर वर सरकतोच आहे,” अशी तक्रार मी कितीतरी जणांकडून ऐकली आहे. तो रोग नसतो. उपाशी झाडाच्या तोंडचा घास आपणच काढून घेत असतो.

या उपासमारीची नोंद खोडावर राहते. आमच्या रस्त्यावर फाटकाकडून तिसरा जो रॉयल पाम आहे, त्याच्या खोडाला साधारण बारा फुटांवर एक कंबर आहे. खाली खोड भरदार आहे, मग ते अरुंद होत जाते आणि पुन्हा वर रुंद झाले आहे. रॉयल पामच्या खोडाला थोडा फुगवटा असतोच, पण ही कंबर त्यातली नव्हे. वसाहत नवी होती तेव्हा बांधकामाचे पाणी झाडांना मिळत असे. पुढे टँकर बंद झाले, फेब्रुवारी ते मे झाडे कोरडी राहू लागली आणि छाटणीही त्याच काळात सुरू झाली. तेव्हा तयार झालेले खोड तेवढेच बारीक राहिले आणि ते आता कधीच जाड होणार नाही. उद्या जोराचा वारा आला, तर झाड तिथेच मोडण्याची शक्यता जास्त आहे. झावळी गळल्यावर खोडावर जी गोल खूण राहते, तिच्यावर बोट ठेवून मी ही कंबर किती झावळ्यांच्या काळातली असावी, याचा हिशेब एकदा शिडीवर उभी राहून केला होता. तो जवळजवळ तीन वर्षांचा निघाला.

छाटणीच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात आणि दोन्ही भीतीतून आलेले असल्यामुळे मी ते हलके मानत नाही. पहिला मुद्दा वादळाचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. ज्यांनी ते पाहिले, त्यांना शेंडा हलका केला तर वारा कमी लागेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु अमेरिकेतल्या फ्लोरिडात, जिथे रस्तोरस्ती पाम आहेत आणि वादळे नेहमीची आहेत, तिथे २००४ आणि २००५ च्या मोठ्या वादळांनंतर उलट निरीक्षण नोंदवले गेले. वादळाच्या तयारीसाठी म्हणून ज्यांचे शेंडे असे छाटले होते, त्या पामचे शेंडे भरगच्च झावळ्यांच्या पामपेक्षा अधिक मोडले होते. मला त्यात नवल वाटत नाही. पामची झावळी वाऱ्यात वाकते, दुमडते, पाती सोडून देते. आणि बाहेरच्या झावळ्या आतल्या कोवळ्या झावळ्यांना चहूबाजूंनी धरून ठेवतात. तो आधारच काढला, तर मधला कोवळा कोंब एकटा वाऱ्यापुढे उभा राहतो.

दुसरा मुद्दा झावळी अंगावर पडण्याचा. तो अगदी खरा आहे. पूर्ण वाढलेल्या रॉयल पामची झावळी बुडाच्या आवरणासह वीस किलोपर्यंत भरू शकते आणि ती तीस-चाळीस फुटांवरून खाली येते. चारचाकीच्या काचेचे काय होते हे आम्ही पाहिले आहे, आणि जिथे मुले खेळतात तिथे ती जोखीम कोणीच घेऊ नये. यावर उपाय मात्र हिरव्या झावळ्या कापणे हा नाही. रॉयल पामची झावळी गळण्यापूर्वी इशारा देते. तिचा देठ जिथे खोडाला हिरव्या नळीसारखा गुंडाळलेला असतो, तिथे त्या नळीला उभी चीर पडते, कडा तपकिरी होतात आणि झावळी आडव्या रेषेखाली लोंबू लागते. अशी झावळी दोराने हलकेच ओढली की सुटून येते. कोयता लागतच नाही. महिन्यातून एकदा कोणी खालून नुसती नजर टाकत गेले आणि चीर पडलेली तेवढी झावळी उतरवली, तर अपघातही होत नाही आणि झाडही उपाशी राहत नाही. वर्षातून एकदा बारा झाडे बोडकी करण्याच्या मजुरीत हे काम सहज होते. नव्याने लावणाऱ्यांनी तर रॉयल पाम वाहने उभी करण्याच्या जागेवर लावूच नये. तिथे बुटका बॉटल पाम किंवा अरेकाचे बेट शोभते.

ज्या जातींत झावळी आपोआप गळत नाही, जसे शिंदी किंवा पंख्यासारख्या पानांचे पाम, तिथे पूर्ण वाळलेली झावळी कापायला हरकत नाही. पण आडव्या रेषेच्या वर असलेल्या हिरव्या झावळीला हात लावू नये. नाइलाजाने हिरवी झावळी कापावीच लागली, तर नारळाच्या बागेतला जुना नियम पाळावा, की बुडाचा निदान चार फूट देठ झाडावर ठेवून मग कापावे. याचे कारण सोंड्या भुंगा आहे, आणि त्याच्यामुळे आम्ही एक झाड गमावले आहे.

त्या वर्षी छाटणी करणाऱ्या माणसांनी रॉयल पामच्या हिरव्या नळीपर्यंत कोयता चालवला होता. ताज्या जखमेतून येणारा गोडसर, आंबूस वास सोंड्याला लांबून कळतो. मादी तिथे अंडी घालते आणि अळ्या आत शिरून खोडाचा आणि कोंबाचा मऊ गाभा खात जातात. बाहेरून महिनोन्महिने काही कळत नाही. श्रावणात एका झाडाची सुई एका बाजूला झुकलेली मला दिसली. माळीकाकांनी शिडीवर चढून ती ओढली, तर ती केळीच्या गाभ्यासारखी सहज उपसून हातात आली. तिचे बूड काळे-तपकिरी आणि चिकट झाले होते आणि शिडीखाली उभे असतानाही उग्र, कुजकट वास येत होता. आत बोटाएवढ्या जाड, पिवळसर पांढऱ्या, बिनपायांच्या अळ्या होत्या, त्यांची डोकी तांबूस होती, आणि धाग्यांची वेटोळी करून विणलेले दोन कोश होते. काकांनी खोडाला कान लावला आणि मलाही लावायला सांगितले. आतून कुरतडल्याचा बारीक आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ते झाड तोडावे लागले आणि खोडाचे तुकडे करून जाळावे लागले, नाहीतर त्यातूनच पुढची पिढी बाहेर पडली असती.

सोंड्याला पकडण्यासाठी गंध सापळ्याची बादली मिळते. ती पाम असलेल्या जागेपासून दूर लावावी. बरेच जण ती झाडालाच टांगतात आणि भुंग्यांना घरचा पत्ता देतात. गेंड्या भुंगा वेगळा. तो न उलगडलेली सुई पोखरतो, आणि ती पुढे उलगडते तेव्हा झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. एकट्या गेंड्याने मोठे झाड सहसा मरत नाही, पण त्याने केलेल्या भोकातून पुढे सोंड्या येतो किंवा पावसात कोंब कुजतो. गेंड्याच्या अळ्या उघड्या शेणखतात आणि कुजलेल्या लाकडात वाढतात, म्हणून खताचा खड्डा बागेच्या कडेला उघडा टाकू नये, आणि टाकलाच तर त्यात मेटारायझियम ही बुरशी मिसळावी, ती अळ्यांना मारते. बिस्मार्क पामसारख्या झाडांच्या शेंड्यातल्या बगलांमध्ये पावसाळ्याआधी निंबोळी पेंड आणि वाळू सारख्या प्रमाणात मिसळून भरली, तर भुंगा तिथे सहसा बसत नाही. सुई पिवळी पडून ढिली झाली पण आत अळी नसेल, तर बहुधा कोंब कुजण्याची सुरुवात असते. अशा वेळी कुजलेला भाग स्वच्छ खरवडून काढून मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मलम लावावे, शेंडा पावसापासून झाकावा आणि शेजारच्या झाडांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. हे वेळेत झाले तरच उपयोग होतो.

खताविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण छाटणीच्या खालोखाल चूक इथे होते. आपल्याकडे हिरवळ आणि पाम शेजारी असतात आणि दोघांनाही युरियाच पडतो. युरियाने पाने भराभर वाढतात, तेवढ्यांना पुरेल इतके पोटॅश जमिनीत नसते, आणि कमतरता होती त्याहून वाढते. नारळाची वर्षाची शिफारस पाहा: दर माडाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश, म्हणजे नत्राच्या दुपटीहून जास्त पालाश. फ्लोरिडाच्या वालुकामय जमिनीतल्या शोभेच्या पामसाठी तिथल्या विद्यापीठाने सांगितलेल्या मिश्रणातही नत्र ८, स्फुरद २, पालाश १२ आणि मॅग्नेशियम ४ असे प्रमाण आहे. जमीन वेगळी, हवामान वेगळे, झाडेही वेगळी, तरी पालाश दोन्हीकडे वरचढ आहे. कोकणातल्या जांभ्या जमिनीवर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पालाश व मॅग्नेशियम तो धुऊन नेतो, म्हणून आपल्याकडे ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते.

मी मोठ्या रॉयल पामला नारळाच्या शिफारशीच्या साधारण निम्मे खत देते, कारण त्याला नारळ पोसायचे नसतात. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश वर्षाला एक किलो, आणि तेही एकदम न देता पहिल्या पावसानंतर थोडे, मुसळधार ओसरल्यावर सप्टेंबरात सर्वांत जास्त आणि उरलेले पाणी देता येत असेल तर जानेवारीत. त्याच्या जोडीला पाव किलो मॅग्नेशियम सल्फेट आणि दोन घमेली कुजलेले शेणखत. खत खोडाला लागून न घालता तीन-चार फुटांवर गोल पसरून हलके मातीआड करावे, कारण दूरवर गेलेली मुळेच ते घेतात. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी समजून घ्यावी. ठिपके पडलेली जुनी झावळी खत दिल्याने पुन्हा हिरवी होत नाही. ती आपले आयुष्य संपवून गळेल आणि तिच्या जागी आलेली झावळी निरोगी असेल. असे करत सगळा शेंडा बदलायला दोन-तीन वर्षे लागतात. तेवढा धीर नसतो म्हणून लोक सहा महिन्यांत खत बंद करतात आणि पुन्हा कोयता बोलावतात.

जुन्या पानाच्या कडांना रुंद पिवळा पट्टा आणि मधोमध हिरवा भाग, असे शिंदीच्या जातीच्या झाडांवर दिसले, तर ती मॅग्नेशियमची कमतरता समजावी. नवे पान लहान, चुरगळलेले आणि करपलेले निघत असेल, तर ती मँगनीजची असते. आमची जमीन आम्लधर्मी असल्यामुळे हे सहसा होत नाही, पण इमारतींच्या कडेला सिमेंट आणि चुन्याच्या राबिटावर माती पसरून लावलेल्या पामवर मी ते पाहिले आहे. घाटावरच्या चुनखडीच्या जमिनीत तर ते व्हायचेच. नवी पाने पिवळी आणि जुनी हिरवी, असा उलटा प्रकार दिसला की मी आधी खताचा विचार न करता बुडाशी माती उकरून पाहते, कारण अशा वेळी झाड बहुतेकदा खोल लावलेले असते किंवा बुडात पाणी साचलेले असते.

खोल लावणे हा मोठ्या पामचा फार मोठा शत्रू आहे. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रवरमजवळ कडियम परिसरात रोपवाटिकांचा फार मोठा पट्टा आहे आणि तिथून पंधरा-वीस फुटी पाम ट्रकने महाराष्ट्रभर जातात. उभे केल्यावर हे झाड डुलू नये म्हणून लावणारे लोक ते दीड-दोन फूट जास्त खोल गाडतात. पामची मुळे खोडाच्या बुडातल्या एका ठरावीक पट्ट्यातून निघतात. तो पट्टा खोल गाडला की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड दोन-तीन वर्षे रेंगाळून मरते, तोवर लावणारा कोण होता हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. रोपवाटिकेत मातीची जी रेषा होती, तीच नव्या जागेवर ठेवावी आणि झाड स्थिर होईपर्यंत तीन-चार बांबूंचे टेकू द्यावेत, तेही खिळे न मारता, खोडाभोवती गोणपाट गुंडाळून. कातळात फोडलेल्या खड्ड्यात पाणी हंड्यासारखे साचून राहते, म्हणून तिथे लावण्यापूर्वी खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात उतरते हे पाहावे. उतरत नसेल, तर कडेने चर फोडून पाण्याला वाट द्यावी किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावावे. लावणीसाठी आपल्याकडे जूनचा शेवट उत्तम, कारण उबदार आणि ओल्या मातीतच पामची नवी मुळे जोमाने फुटतात.

कुंडीतल्या अरेका पामविषयी मला बरेच जण विचारतात. नाव अरेका असले तरी अरेका हे खरे नाव आपल्या पोफळीचे आहे. कुंडीतले हे झाड मादागास्करचे. घराघरांत पोचलेले हे झाड तिथल्या मूळ रानात आता कमी होत चालले आहे. त्याला खिडकीचा भरपूर पण तिरपा उजेड, वरची माती बोटाला कोरडी लागल्यावर पाणी आणि बशीत पाणी न साचणे, एवढे पुरते. पानांची टोके तपकिरी होतात ती बहुधा क्षारांमुळे. बोअरचे जड पाणी वापरत असाल, तर पावसाळ्यात कुंडी आठ दिवस बाहेर ठेवावी, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात.

जातींची निवड हा मोठा विषय आहे, पण एका झाडाविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. भेरली माड हा आपल्या सह्याद्रीतलाच. माशाच्या शेपटीसारख्या पात्यांची त्याची झावळी परसात आणि देवळाच्या मांडवावर पाहतच आम्ही मोठे झालो, आणि तरी नवी घरे बांधणारी माणसे दारात लावायला क्युबाचा रॉयल पाम आणतात आणि भेरली माड तोडतात. तो जलद वाढतो, आपला पाऊस त्याला सोसतो आणि त्याच्या जटांसारख्या लोंबणाऱ्या फुलोऱ्याइतके देखणे दुसरे काही मी पाहिलेले नाही. त्याची एक रीत मात्र माहीत असावी. पूर्ण वाढ झाल्यावर पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो, नंतरचे क्रमाने त्याच्या खाली खाली येत जातात, आणि सर्वांत खालचा फळून झाला की झाड मरते. यात काही वर्षे जातात आणि त्या काळात शेंडा विरळ होत जातो. हा रोग नव्हे, त्यावर औषध नाही आणि खतही नाही. लावायचाच असेल, तर चार-पाच वर्षांच्या अंतराने दुसरे रोप शेजारी लावून ठेवावे. पिकलेली फळे उघड्या हाताने गोळा करू नयेत, त्यांच्या गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि हातांची आग होऊन असह्य खाज सुटते. बी रुजवण्यासाठी मी हातमोजे घालून फळे पाण्यात कुजवते आणि मग वाळूत घोळून गर काढते.

परदेशी जातींत मला बॉटल पामविषयी विशेष माया आहे. बुडाशी फुगलेल्या बाटलीसारखे खोड आणि वर मोजून पाच-सहा झावळ्या, एवढेच ते झाड. मॉरिशसच्या उत्तरेला राउंड आयलंड नावाचे छोटे बेट आहे, तिथला हा रहिवासी. माणसांनी बेटावर सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी तिथली रोपे वर येऊच दिली नाहीत. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे तिथून हटवले गेले, तेव्हा रानात जुनी झाडे अगदी मोजकी उरली होती. ज्या मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरे नांदत आहेत, तिथून आलेले हे झाड आपल्या फाटकाशी उभे असते. त्याच्या पाच झावळ्यांतल्या दोन छाटल्या, तर त्याच्याकडे तीनच राहतात, एवढे तरी छाटणाऱ्याने पाहावे.

२०१९ मध्ये सोसायटीने माझ्या विनंतीवरून आमच्या इमारतीसमोरच्या तीन झाडांना छाटणीतून वगळले. खत मी घालते आणि डिसेंबरपासून आठवड्यातून दोनदा पाणी, शेजारच्या दोन मुलांच्या मदतीने. चीर पडलेल्या झावळ्या माळीकाका दोराने उतरवतात. पहिली दोन वर्षे काही फरक दिसला नाही आणि मला सभेत तसे ऐकूनही घ्यावे लागले. या वर्षी ३ मे रोजी सकाळी मी खाली उभी राहून मोजले: आमच्या तीन झाडांवर पंधरा, चौदा आणि पंधरा झावळ्या आहेत, आणि सर्वांत जुन्या झावळीची टोके सोडली तर करपलेले काही नाही. छाटणीच्या रांगेत उरलेल्या आठ झाडांवर, मागच्या मे महिन्यापासून वर्षभर वाढूनही, कुठे नऊ, कुठे दहा आहेत. हे आकडे मी सूचना फलकावर लावले आहेत. पुढच्या रविवारी सभा आहे आणि या आठही झाडांसाठी मी दोर मागणार आहे.